चेन सैल होत नाही, झिजते



पंक्चर कसं काढायचं ते आपण मागच्या वेळी बोललो होतो. त्यानंतर तुमच्या गटांकडून जे निरोप आले, त्यातले निम्म्याहून जास्त चेनबद्दलचे. कुणाची चेन सारखी पडते. कुणाची चढाला पॅडल दाबलं की खट्‌कन उडते आणि पाय हवेत जातो. एका ताईंनी कळवलंय की पोरीची सायकल दोन महिने गोठ्याला टेकून उभी आहे, कारण चेन तिसऱ्यांदा पडली तेव्हा पोरगी म्हणाली, "मी चालतच जाते." शाळा चार किलोमीटर. आता पावसाळ्यात ती रोज चालेल का, हा आमच्या मनात आलेला पहिला प्रश्न.

आमच्यातलीच एक मैत्रीण जनता वसाहतीतून सिंहगड रस्त्याला पोळ्या करायला सायकलवर जाते. दोन वर्षांपूर्वी दांडेकर पुलाच्या चौकात सिग्नल सुटला, तिने उभं राहून जोरात पॅडल दाबलं आणि चेन उडाली. ती हँडलवरून पुढे पडली. मागचा रिक्षावाला वेळेवर थांबला म्हणून मनगटावर निभावलं. पण प्लास्टर होतं तोवर पोळ्या कोण लाटणार? दोन घरांची कामं गेली ती गेलीच. आम्ही तिला विचारलं, चेन आधी कधी उडाली होती का? म्हणाली, "महिनाभर उडत होती. मला वाटलं सैल झालीय. कडी काढून आणली होती की मी."

ही "कडी काढून आणली" गोष्ट नीट समजून घ्यायची आहे. तेवढी समजली तरी आजचा अर्धा तास सार्थकी लागला.

आधी चेन म्हणजे काय ते बघू. लांबून ती पट्ट्यासारखी दिसते, पण ती शंभराच्या वर छोट्या बिजागऱ्यांची रांग आहे. दाराची बिजागरी आठवा. मधे एक सळई, तिच्याभोवती फिरणारं भोक. चेनच्या प्रत्येक सांध्यात तशीच एक पिन असते, पिनेभोवती नळीसारखं बुश आणि त्यावर गोल फिरणारा रोलर. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर अर्धा इंच. तुमची काळी जुनी सायकल असो, पोरीची नवी लेडीज सायकल असो की शहरातली महागडी गिअरची सायकल, हा अर्धा इंच सगळीकडे तोच.

पॅडल मारताना प्रत्येक सांधा दात्यावर वळतो, सरळ होतो, पुन्हा वळतो. आत तेल असेल तर पिन तेलावर फिरते. तेल नसेल आणि धूळ असेल तर पाट्यावर वाटण वाटावं तसं काम सुरू होतं. पिन झिजते, बुशचं भोक मोठं होतं. एका सांध्यात झीज किती? दोन केसांच्या जाडीएवढी. डोळ्याला दिसणारही नाही. पण असे शंभर सांधे एकामागे एक आले की सगळी चेन अर्ध्या इंचाने लांब होते. लोखंड रबरासारखं ताणलं गेलेलं नसतं, प्रत्येक बिजागरी ढिली झालेली असते. म्हणून चेन "सैल झाली" असं आपण म्हणतो तेव्हा ती बऱ्याचदा झिजलेली असते.

आता सैल चेन घेऊन आपण दुकानात जातो. दुकानदार आधी मागचं चाक मागे ओढून ती ताणून देतो. पुढच्या वेळी चाक मागे सरकायला जागाच उरलेली नसते, मग एक जोडकडी काढली जाते. चेन ताठ दिसते, आवाज कमी होतो, आपण खूश. पण काढली एक कडी, उरलेल्या शंभर तशाच ढिल्या. जोडकडी काढली की चेन एक इंचाने कमी होते. चेन अर्धा इंच लांबली की ती बदलायला झालेली असते हे आत्ताच सांगितलं. म्हणजे नवी असताना नीट बसवलेल्या चेनची कडी काढायची वेळ येते, तेव्हा ती सहसा मर्यादेच्या दुप्पट झिजलेली असते. कडी काढून देणारा माणूस फसवतो असं आम्ही म्हणत नाही. गिऱ्हाईकच म्हणतं, "आत्ता पैसे नाहीत, तात्पुरतं करून द्या." आम्हीही म्हटलेलं आहे.

मग झिजलेली चेन तशीच चालवली तर काय होतं? दात्यांमधली अंतरं अर्ध्या इंचाच्या हिशोबाने कापलेली असतात. लांबलेल्या चेनचे रोलर खाचेत तळाला बसत नाहीत, दाताच्या उतारावर चढून बसतात आणि तिथेच ओढतात. हळूहळू दात एका बाजूने खाल्ला जातो आणि विळ्याच्या टोकासारखा वाकडा दिसायला लागतो. मागच्या फ्रीव्हीलचे दात आधी जातात, कारण साध्या सायकलला पुढच्या चेनव्हीलवर ४४ दात असतील तर मागे १८ असतात. पुढचा दात एकदा राबतो तेवढ्यात मागचा जवळजवळ अडीच वेळा राबतो. मग एके दिवशी जोर लावला की रोलर दातावरून सरळ उडी मारतो. दांडेकर पुलाला तेच झालं.

आणि एक गंमत सांगतो, आमच्याच फजितीची. त्या अपघातानंतर आम्ही मोठ्या शहाणपणाने नवी चेन आणून बसवली. सायकल आधीपेक्षा जास्त उडायला लागली! आम्ही दुकानात जाऊन भांडलो की चेन खराब दिली. दुकानातले काका शांतपणे म्हणाले, "ताई, चेन नवी आहे, दात जुने आहेत. दोघांचं जमणार कसं?" त्यांनी फ्रीव्हील बदललं आणि सायकल गपगुमान चालायला लागली. निघताना आम्हीच म्हटलं, काका, आम्हाला हे शिकवाल का? तिथून आमचं शिकणं सुरू झालं. त्या दुकानात आम्ही तीन महिने रविवारी जात होतो. काकांनी पहिल्या दिवशी आमच्या हातात पाना दिला नाही, फूटपट्टी दिली.

तर फूटपट्टी. पोरांच्या दप्तरातली बारा इंची पट्टी चालेल, लोखंडी असली तर उत्तम. शिलाईची कापडी टेप नको, ती वापरून ताणलेली असते. सुताराची लोखंडी टेप असेल तर तिच्या टोकाचा आकडा हलता असतो, म्हणून शून्याऐवजी १ इंचावरून सुरू करून १३ वर बघा.

सायकल स्टँडवर लावा. चेन पुसून घ्या, नाहीतर पिन दिसणार नाही. चेनचा एक सरळ भाग ताठ राहायला हवा. एकीने मागचा ब्रेक दाबून धरावा, दुसरीने पॅडल हाताने खाली दाबावं, म्हणजे वरची बाजू ताठ होते. वर कव्हर आड येत असेल तर खालची बाजू हाताने ओढून धरा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि बारा इंचाच्या रेघेपाशी काय आहे ते बघा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर पिनेचा मध्य येतो. चोवीस कड्या, बारा इंच. जुन्या चेनमध्ये ती पिन रेघेच्या पुढे सरकलेली दिसेल.

किती सरकली ते गवंड्याच्या मापात सांगतो, तुम्हाला लगेच कळेल. एका इंचाचे आठ सूत. पिन अर्धा सूतही पुढे गेली नसेल तर चेन चांगली आहे, तेल घालून वापरा. अर्धा सूत पुढे गेली असेल तर नव्या चेनचे पैसे बाजूला काढायला लागा. गिअरची सायकल असेल तर मात्र इथेच बदलायची, तिची चेन बारीक असते आणि दातेही पातळ. पूर्ण एक सूत पुढे गेली की साध्या सायकलचीही चेन बदलायचीच, आणि मागच्या फ्रीव्हीलचे दात नीट निरखायचे. वाकडे दिसले तर दोन्ही एकदम बदला, आमच्यासारखी दोनदा फेरी मारू नका.

पट्टी जवळ नसेल तर साधी खूण सांगतो. चेनव्हीलच्या अगदी पुढच्या टोकाला चेन चिमटीत धरून पुढे ओढा. चांगली चेन दातांना चिकटून राहते. झिजलेली चेन इतकी उचलली जाते की मधून अर्धा दात दिसतो. जुनी सायकल विकत घेताना आधी हे करून बघा. रंग नंतर बघा.

पैशाचा हिशोब तुम्ही आमच्यापेक्षा चांगला करता. साध्या सायकलची एकटी चेन ही सायकलीच्या स्वस्त वस्तूंपैकी आहे. ती वेळेवर बदलली तर एकाच फ्रीव्हीलवर दोन-तीन चेनी निघतात. नाही बदलली तर चेन, फ्रीव्हील, कधी पुढचं चेनव्हीलही, वर मजुरी. आणि तालुक्याला जायचा तो दिवस बुडाला तो वेगळाच.

आता तुमच्या पोरींकडे येतो. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रम आहे, त्यात १२५ तालुके येतात. तिथे आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, ज्यांचं घर शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत आहे त्यांना, सायकलीसाठी मदत मिळते. या सगळ्या वर्षांत मिळून एकदाच. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढल्या होत्या, आणि शाळा जिथे लांब होती तिथे वाढ जास्त होती. सायकलीने एवढा फरक पडतो. पण सायकल एकदा मिळते आणि चेन झिजतच असते. चार किलोमीटर जायचे, चार यायचे, वर्षाला शाळेचे दोनशे दिवस धरले तरी सोळाशे किलोमीटर झाले. बिनतेलाची, धुळीतली चेन दोन-तीन हजारात संपलेली आम्ही पाहिली आहे. म्हणजे आठवीत मिळालेली सायकल नेमकी दहावीच्या तोंडावर दगा देणार.

आणि ती दुरुस्तीला नेणार कोण? मुळशीकडच्या एका गावात आम्ही गेलो होतो तिथल्या एक आई म्हणाल्या, "सायकल पोरीची, पण दुकानात न्यायची दादाने. दादाला वेळ झाला तर." चार दिवसांचं काम चार आठवडे राहतं ते असं. म्हणून आमचा आग्रह आहे की चेनचं रोजचं काम पोरीने आणि तुम्ही मिळून घरीच करायचं. हात काळे होतात, खरं आहे. चुलीच्या भांड्यांनी होतात त्याहून जास्त नाही.

तेलाबद्दल खूप प्रश्न आले आहेत. खोबरेल, शेंगतेल, करडई, यातलं काहीही चेनला घालू नका. खायची तेलं काही दिवसांत चिकट होतात, कढईच्या कडेला जसा राप चढतो तसा चेनवर चढतो आणि त्यात धूळ रुतून बसते. ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून सर्रास घालतात. त्यात काजळी आणि लोखंडाचा बारीक चुरा असतो, म्हणजे वंगण म्हणून आपण घासायची पूडच घालतो. ग्रीसही नको, ते वरवर बसतं, आत जात नाही. शिलाई मशीनचं तेल मात्र चालतं, आणि ते तुमच्या गटात कुणाकडे तरी असतंच. पातळ असल्यामुळे आत छान उतरतं, पण लवकर उडूनही जातं, म्हणून आठवड्याला घालावं लागतं. पावसाळ्यात मोटारसायकलचं नवं इंजिन ऑइल जास्त टिकतं. पन्नास मिलीलिटर बाटलीत मागून आणलं तर अख्ख्या गल्लीला पुरेल.

घालायचं कसं, तर आधी पुसायचं. कोरडं फडकं चेनभोवती धरायचं आणि पॅडल उलटं फिरवायचं, फडकं काळं होणं थांबेपर्यंत. फटीतला चिखल जुन्या टूथब्रशने काढायचा. फारच राप असेल तर ब्रशला थोडं डिझेल लावा, पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते सहज मिळत नाही. हे काम अंगणात करायचं, चुलीपासून आणि गॅसपासून लांब. चेन कोरडी झाली की प्रत्येक रोलरवर एक थेंब. धार नाही, थेंब. पॅडल पुन्हा उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं, चहा घ्यायचा. मग बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. हे ऐकून बायका म्हणतात, घातलेलं पुसायचं का? हो, कारण तेल आत पिनेला हवं आहे. बाहेरचं तेल फक्त धूळ बोलावतं.

उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पुरेल, मशीनचं तेल असेल तर आठवड्याला. पावसात भिजली की त्याच संध्याकाळी पुसायची. आणि खंडेनवमीला एक लक्षात ठेवा. आपण सायकल बादलीभर पाण्याने धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. सगळं करा, पण चेन कोरडी करून तेल द्या. दसऱ्याला चकचकीत आणि कोजागरीला गंजलेली अशा सायकली आम्ही दरवर्षी बघतो.

ताण किती ठेवायचा? खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली करून बघा, अर्धा-पाऊण इंच हलली पाहिजे. चेनव्हील अगदी गोल नसतं, म्हणून पॅडल थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी बघा आणि जिथे सगळ्यात ताठ लागते तिथलं माप धरा. वीणेच्या तारेसारखी ताठ चेनही वाईट, तिने पॅडल जड होतं आणि झीज वाढते. सैल असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करायचे, दोन्ही बाजूंचे चेन अ‍ॅडजस्टर सारखेच पिळायचे, चाक दोन दांड्यांच्या मधोमध आहे ना ते बघून नट घट्ट करायचे. नंतर ब्रेक तपासल्याशिवाय पोरीला सायकल देऊ नका. चाक सरकलं की ब्रेकचे रबर जागेवर बसत नाहीत.

चेन जोडणारी एक खास कडी असते, तिच्यावर माशाच्या आकाराची छोटी क्लिप. तिला चेनलॉक म्हणतात. वरच्या बाजूला आल्यावर क्लिपचं बंद तोंड पुढच्या चाकाकडे हवं आणि फाटलेलं टोक मागे. उलटी बसवली तर कुठेतरी अडकून निघून जाते. क्लिप हरवली तर तारेने बांधून चालवू नका, नवा लॉक अगदी थोडक्यात मिळतो.

रस्त्यात चेन पडली तर घाईत बोट घालू नका, हे आम्ही ओरडून सांगतो. चेन आणि दाते यांच्यामध्ये बोट सापडलं तर बोटाचं टोक जातं, पोरांच्या बाबतीत हे खरंच होतं. सायकल स्टँडवर घ्या. आधी मागच्या फ्रीव्हीलवर चेन नीट बसवा. मग पुढे वरच्या बाजूला बसतील तेवढ्या दातांवर काडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने अडकवा, आणि हात पूर्ण काढून घेतल्यावर पॅडल हळूच पुढे फिरवा. मागचं चाक जमिनीला टेकलेलं नको. फिरवणारी आणि बसवणारी एकच असली तर उत्तम, दोघी असल्या तर "हात काढला" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय पॅडलला हात लावायचा नाही. ओढणी कमरेला बांधलेली हवी, पदर खोचलेला.

जाता जाता या चेनचं थोडं मोठेपण. पूर्वी इंग्लंडात सायकलीचं पुढचं चाक पुरुषभर उंच असायचं आणि पॅडल त्याच चाकाला. घोळदार कपड्यातल्या बाईला त्यावर चढणंच अवघड. १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी आत्ता आपण बघितली तशी बुश-रोलरची चेन काढली. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी चेनने मागचं चाक फिरवणारी 'रोव्हर' सायकल आणली. अशा सायकलींची दोन्ही चाकं पुढे सारखी आणि बुटकी झाली, आणि बाई सायकलवर बसली. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. गटाची सहल पुण्याला आली तर पोरींना जरूर दाखवा, आणि तिथे प्रत्येक सायकलीची चेन कुठे आहे ते शोधायला सांगा.

गटाने एक पेटी करावी असं आम्ही सुचवतो. सायकलचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, लोखंडी पट्टी, तेलाची छोटी बुधली, दोन चेनलॉक, जुनी फडकी. महिन्याच्या बैठकीला पेटी उघडायची आणि गावातल्या मुलींच्या सायकली एका रांगेत लावून माप घ्यायचं. पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवा, त्यावर मुलीचं नाव, तारीख आणि चेन किती सूत पुढे गेली ते लिहा. चार महिने लिहिलं की कुणाची चेन कधी संपणार ते आधीच कळतं, आणि पैसे हप्त्याने बाजूला ठेवता येतात.

ज्या ताईंनी गोठ्याला टेकलेल्या सायकलीबद्दल कळवलं, त्यांच्यासाठी एवढंच. उद्या सकाळी पट्टी लावून बघा आणि पिन कुठे आली ते आम्हाला कळवा. एक सूताच्या आत असेल तर चाक मागे ओढून आणि तेल घालून काम होईल. एक सूत किंवा त्याच्या पुढे असेल तर कडी काढू नका, चेन बदला. मागच्या दातांचा फोटो मोबाइलवर काढून पाठवलात तर फ्रीव्हील बदलायचं की नाही ते आम्ही इथून सांगू.

पुढच्या वेळी ब्रेकचे रबर. जुना टायर फेकू नका, लागणार आहे.